तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेटवर जंतू मरतात, मग औषध का होत नाही?

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत औषधी वनस्पतींचे अर्क तपासते, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "झाडपाल्यानं जंतू मरतात, प्लेटवर दिसतंही म्हणता, मग त्याचं औषध का होत नाही?" विचारणाऱ्याच्या आवाजात बारीकसा संशयही असतो, की हे कुणीतरी मुद्दाम दाबून ठेवलंय.

जंतू मरतात, यात खोटं काही नाही. पण मिठानंही त्यांची वाढ थांबते, साखरेच्या घट्ट पाकानंही थांबते. भरपूर घातलं तर जवळजवळ कशानंही थांबते. त्यामुळे 'मरतात का' यात मला आता फारसा रस उरलेला नाही. किती थोड्या मात्रेत मरतात आणि नक्की कशानं, हे शोधायचं असतं, आणि वर्षं जातात ती त्यात.

तपासणी दिसायला सोपी आहे. पानं सावलीत वाळवून दळायची, मिथेनॉलमध्ये किंवा पाण्यात भिजत ठेवायची, गाळायची आणि द्रावक उडवून टाकायचा. तळाशी काळपट हिरवा चिकट गोळा उरतो. तो चमच्याला असा धरून बसतो की वजन करताना नको जीव होतो. तो डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवायचा. मग मुलर-हिंटन अगरची, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या जेलीसारख्या थराची, 4 मिलिमीटर जाडीची प्लेट घ्यायची आणि तिच्यावर स्वॅबनं तीन दिशांनी जंतू सारवायचे. जंतूंचं द्रावण ठरावीक गढूळ हवं, मिलिलिटरला साधारण 15 कोटी जंतू. अगरमध्ये 6 मिलिमीटरचे खड्डे पाडायचे. एका खड्ड्यात अर्क, एकात नुसतं डीएमएसओ, एकात गुण माहीत असलेलं प्रतिजैविक. रात्रभर 35 अंशांवर ठेवलं की सकाळी प्लेटवर जंतूंची दुधट साय धरलेली असते, आणि अर्काला गुण असेल तर त्याच्या खड्ड्याभोवती स्वच्छ गोल दिसतो. त्याला आम्ही झोन म्हणतो.

पहिल्या वर्षी मला असाच एक झोन मिळाला होता. आवळ्याचा पाण्यातला अर्क, 19 मिलिमीटर. व्हर्नियरनं तीनदा मोजला आणि ती प्लेट अख्ख्या प्रयोगशाळेत फिरवून आणली. आमच्या मॅडमनी प्लेटकडे पाहिलंच नाही. त्यांनी अर्काच्या बाटलीत आंबटपणा (पीएच) दाखवणारा पीएच पेपर बुडवला. तो लालभडक झाला. "हे झाडाचं काम की आंबटपणाचं?" एवढंच विचारून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी अर्कात थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड घालून आंबटपणा मारला. झोन 12 वर आला. म्हणजे थोडं काहीतरी उरलं होतं, म्हणून पुन्हा हरखले. पण अर्कही आता काळपट तपकिरी दिसत होता, कारण आवळ्यातलं गॅलिक आम्ल अल्कलीत हवा लागून बदलतं. आंबटपणा घालवताना मी अर्कच बदलून टाकला होता! शेवटी तेवढ्याच पीएचचं साधं सायट्रिक आम्ल शेजारच्या खड्ड्यात घातलं तेव्हा त्यालाही 17 चा झोन आला. ती प्लेट मी कुणाला दाखवली नाही. तेव्हापासून प्लेट हातात आली की माझी नजर आधी कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या खड्ड्याकडे जाते.

दुसरी गंमत झोनच्या आकाराची. मोठा झोन म्हणजे जास्त ताकद, असं सगळ्यांना वाटतं. अगर बहुतांशी पाणीच असतं. पाण्यात विरघळणारे लहान रेणू त्यात झरझर पसरतात, तेलकट किंवा बोजड रेणू खड्ड्याच्या काठालाच अडकतात. त्यामुळे लहान झोनवाला अर्क प्रत्यक्षात जास्त कडक निघू शकतो. 'आमच्या अर्कानं प्रतिजैविकापेक्षा मोठा झोन दिला' असं वाक्य दिसलं की मी आधी खड्ड्यात किती अर्क ओतला होता ते पाहते. बहुतेकदा एकीकडे काही मिलिग्रॅम अर्क असतो आणि दुसरीकडे जेंटामायसिन हे प्रतिजैविक, फक्त 10 मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग).

खरा हिशेब लागतो तो 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये. दर खळग्यात अर्क निम्मा निम्मा करत न्यायचा, प्रत्येकात तेवढेच जंतू घालायचे आणि कुठवर वाढ थांबते ते पाहायचं. अर्क स्वतःच हिरवा असल्यानं गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, म्हणून रेझाझुरिन घालतात. जंतू जिवंत असले की निळा रंग गुलाबी होतो. (अर्कातले काही पदार्थ जंतू नसतानाही तो गुलाबी करतात, म्हणून त्याचाही वेगळा कंट्रोल लावावा लागतो. आमचं निम्मं आयुष्य कंट्रोल लावण्यात जातं.) इथे कच्च्या अर्काला मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅमच्या खाली वाढ थांबवता आली तर आम्ही खुर्ची पुढे ओढतो. पुष्कळसे अर्क 1 मिलिग्रॅमच्या आसपास घुटमळतात. जेंटामायसिनला साध्या ई. कोलायसाठी 1 मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरतं.

मग 1 मिलिग्रॅम काय वाईट, असं वाटेल. माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त. नुसत्या रक्तात तेवढी तीव्रता आणायची तर 5 ग्रॅम अर्क रक्तात उतरायला हवा, आणि तिथे टिकायलाही हवा. गिळलेलं सगळं रक्तात उतरत नाही, उतरलेलं यकृत मोडून टाकतं, आणि इतक्या मात्रेत जंतूंच्या आधी आपल्याच पेशींनी मान टाकली तर? म्हणून जंतूंच्या प्लेटच्या जोडीला माणसाच्या पेशींचीही प्लेट लावतात. बरेच अर्क तिथे बाद होतात.

जंतूही सगळे सारखे नसतात. स्टॅफिलोकोकससमोर जोर दाखवणारा अर्क ई. कोलाय किंवा स्युडोमोनासपुढे गप्प बसतो. त्यांना बाहेरून आणखी एक पापुद्रा असतो, आणि त्यातूनही आत शिरलेलं बाहेर फेकायला पंप असतात.

या पंपांवरून दारुहळदीची गोष्ट आठवते, आणि तुमच्या प्रश्नाचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर तिच्यात आहे. या झुडपात बर्बेरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. ते जंतूंना मारतं, पण स्टॅफिलोकोकसचाही एक पंप ते उपसून टाकतो, म्हणून एकटं बर्बेरिन दुबळं ठरतं. 2000 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की दारुहळदीच्या काही जातभाईंमध्ये आणखी एक पदार्थ असतो. तो एकटा जंतूचं काहीही वाकडं करत नाही, फक्त पंप बंद पाडतो. दोघं मिळून आले की काम होतं.

आमची रीत याच्या नेमकी उलटी. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग वेगळा तपासायचा, गुणाचा भाग पकडून त्याचे आणखी भाग पाडायचे, शेवटी एक शुद्ध रेणू हाती यायला हवा. बर्बेरिनसारखी जोडी असली तर भाग पाडताक्षणीच गुण नाहीसा होतो. गेल्या महिन्यात आमच्या एका अर्काचं असंच झालं. अख्खा अर्क चांगला चालत होता, सात भाग केले, सातही गप्प. आता ते दोन-दोन एकत्र करून पाहतोय. एकवीस जोड्या होतात. नऊ झाल्या.