तुम्ही विचारलंत म्हणून: मॅच शूट करायची, एवढंच काम असतं का?

अमेरिकेत शिकायला आलेली, बास्केटबॉलचं वेड असलेली मराठी मुलं हे हमखास विचारतात. कॉलेज टीमचा व्हिडिओ कोऑर्डिनेटर करतो तरी काय? मॅच शूट करायची आणि लॅपटॉपवर कापायची, एवढंच ना? शूटिंग हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. दहा-बारा तासांच्या फिल्ममधून एकोणीस वर्षांच्या खेळाडूच्या डोक्यात राहील असं दहा मिनिटांचं काहीतरी काढायचं आणि ते काढताना समोरच्या टीमचं चित्र खोटं होऊ द्यायचं नाही, हे खरं काम.

फिल्मला इतकं महत्त्व येण्यामागे दोन नियम आहेत. पुढे ज्या टीमशी गाठ आहे तिची मॅच त्याच सीझनमध्ये प्रत्यक्ष जाऊन पाहायला एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था, टीमच्या स्टाफला परवानगी देत नाही. दोन्ही टीम एकाच स्पर्धेत, एकाच ठिकाणी खेळत असतील तेवढाच अपवाद. म्हणजे प्रतिस्पर्धी पाहायचा तो पडद्यावरच. दुसरा नियम वेळेचा. सीझनमध्ये खेळाडूंकडून आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासच सराव घेता येतो, मॅचचा दिवस ३ तासांचा धरतात, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. कोचबरोबर बसून फिल्म पाहणं या २० तासांतच मोजलं जातं. तुमची क्लिप वीस सेकंद जास्त लांबली तर ते वीस सेकंद कोर्टवरच्या सरावातून जातात.

आता कॅमेरा. जागा मध्यरेषेच्या समोर, शक्य तितकी उंच. अर्ध्या कोर्टवर खेळ चालू असताना दहाही खेळाडू, बास्केट आणि बोर्डावरचं शॉट क्लॉक (शॉट घ्यायला उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ) फ्रेममध्ये हवंच. नवा माणूस टीव्हीच्या सवयीने चेंडूच्या मागे झूम करतो आणि दुसऱ्या बाजूचे तीन डिफेंडर फ्रेमबाहेर जातात. कोचला नेमके तेच तिघे पाहायचे असतात. चालू पझेशनमध्ये, म्हणजे चेंडू एका टीमच्या ताब्यात असेपर्यंत, झूमला हात लावायचा नाही. चेंडू पलीकडे निघाला की त्याच्या किंचित पुढे राहून सावकाश पॅन करायचं, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचा. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून लॉक करायचे, नाहीतर कोणी पुढून उठून गेला की ऑटोफोकस त्याच्या पाठीवर जातो आणि चकचकीत लाकडी फ्लोअरमुळे चेहरे काळे पडतात. सेकंदाला ६० फ्रेम. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून शटर १/१२० ठेवलं तर जुन्या दिव्यांखाली चित्रावर पट्टे सरकत नाहीत. भारतात ५० हर्ट्झ, तिथे १/१००.

हँडिकॅमसारखे बरेच कॅमेरे लांब रेकॉर्डिंग ४ जीबीच्या तुकड्यांत साठवतात. ते तुकडे टॅगिंगच्या (फिल्ममध्ये कुठे काय घडलं याच्या खुणा लावण्याच्या) आधी क्रमाने जोडून घ्या. मागाहून जोडले तर टॅगच्या सगळ्या वेळा सरकतात आणि रात्री एक वाजता प्रत्येक क्लिप हाताने दुरुस्त करावी लागते. टीव्हीवरून घेतलेल्या फिल्मचा त्रास वेगळा. सीबीएस वाहिनीचं प्रक्षेपण इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक वेळी चित्राच्या एकाआड एक ओळीच येतात, त्यामुळे चित्र थांबवलं की खेळाडूच्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. फाइल कन्व्हर्ट करतानाच डीइंटरलेस करून टाकावं. ईएसपीएन ७२०पी, म्हणजे सगळ्या ओळींचं पूर्ण चित्र पाठवतं, तिथे ही कटकट नाही.

टॅगिंगसाठी बहुतेक ठिकाणी हडल कंपनीचं स्पोर्ट्सकोड हे सॉफ्टवेअर असतं. पडद्यावर तुम्हीच बनवलेली बटणं असतात. बटण दाबलं की आधीचे काही सेकंद आणि नंतरचे काही सेकंद धरून क्लिप तयार होते. आधीचे ८ आणि नंतरचे ४ ही बरी सुरुवात आहे. पुरुषांच्या कॉलेज मॅचमध्ये एका टीमची साधारण ७० पझेशन होतात, दोन्ही मिळून १४० च्या आसपास. प्रत्येकाला निदान चार गोष्टी लावायच्या: सुरुवात कशी झाली (फास्ट ब्रेक, बेसलाइन किंवा साइडलाइनबाहेरून चेंडू आत टाकून म्हणजे इनबाउंड, टाइमआउटनंतरचा प्ले, की चालू खेळातून), कोणता सेट (बसवलेली चाल) चालवला, डिफेन्स कोणता होता, आणि शेवट काय झाला. हात बसलेल्या माणसाला एका मॅचला दोनेक तास लागतात. बटणांची संख्या आटोक्यात ठेवा. चाळीस बटणं केलीत की लाइव्ह टॅगिंगमध्ये निम्मी चुकीची दाबली जातात. हाफटाइम १५ मिनिटांचा असतो. त्यातली पहिली काही मिनिटं कोच आपापसांत बोलतात, तेवढ्यात सहा-आठ क्लिप तयार पाहिजेत.

सिनर्जी या व्हिडिओ सेवेवर सगळ्या मॅच आधीच कापून मिळतात, मग स्वतः टॅग कशाला, असंही विचारतात. सिनर्जी अप्रतिम आहे, त्याशिवाय आज कोणाचं पान हलत नाही. पण तिथे पझेशनची नोंद ती कशी संपली यावरून होते. हॉर्न्स नावाच्या सेटने सुरुवात झाली, पहिला पिक-अँड-रोल (सहकारी डिफेंडरची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे वळतो) अडवला गेला, चेंडू फिरला आणि कोपऱ्यातून शॉट गेला, तर ते ‘स्पॉट-अप’मध्ये (पास घेऊन जागेवरूनच मारलेल्या शॉटमध्ये) जमा होतं. कोचचा प्रश्न असतो की समोरच्या टीमने हात वर करून दोन बोटं दाखवली की काय येतं? त्याचं उत्तर सिनर्जीत नाही. त्यासाठी फिल्मचा आवाज वाढवून समोरच्या बेंचवरून काय ओरडलं जातंय ते ऐकायचं, गार्डची खूण पाहायची, आणि कॉल (ती आरोळी किंवा खूण) व सेट यांची जोडी एका तक्त्यात लिहीत जायची. तीन वेगळ्या मॅचमध्ये तीच जोडी जुळली तरच ती कोचच्या हातात द्यायची. चुकीचा कॉल सांगण्यापेक्षा न सांगितलेला बरा, कारण खेळाडू त्या भरवशावर आधीच एक पाऊल सरकतो.

सगळ्यात जास्त डोकं कापण्यात लागतं. समजा, समोरच्या पॉइंट गार्डच्या पाच मॅचमध्ये चाळीस बॉल स्क्रीन सापडले, म्हणजे चाळीस वेळा सहकाऱ्याने त्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहून त्याला रस्ता करून दिला. त्यांतल्या अठ्ठावीस वेळा त्याने स्क्रीन वापरला आणि बारा वेळा स्क्रीन नाकारून उलट बाजूला गेला. नाकारतो तेव्हाच्या क्लिप फार देखण्या असतात, डिफेंडर आडवा पडतो, डंक होतो. त्याच चार लावल्या तर आपल्या खेळाडूला वाटेल, हा दर वेळी उलट जातो, आणि तो स्क्रीनच्या बाजूचा रस्ता मोकळा सोडेल. म्हणून चार क्लिप दाखवायच्या तर तीन वापरल्याच्या आणि एक नाकारल्याची. फक्त बास्केट झालेले शॉटही लावू नयेत. तो ३० टक्क्यांचा शूटर असेल तर दहातले सात चुकलेले असतात, आणि ते खेळाडूला दिसले पाहिजेत.

क्लिप कुठे सुरू करायची यालाही अर्थ आहे. चेंडू हातात आल्यावर नको. मोठा खेळाडू पोस्टवरून, म्हणजे बास्केटजवळून, स्क्रीनसाठी वर निघतो, तिथून सुरू करा, म्हणजे डिफेंडरला पुढे काय येतंय याची चाहूल कधी लागू शकली असती ते दिसतं. क्लिपमधला डिफेंडर मान वळवून स्क्रीन शोधतो, त्याच क्षणी गार्ड क्रॉसओव्हर मारतो, म्हणजे चेंडू दुसऱ्या हातात घेऊन दिशा बदलतो. मान वळली आणि चेंडू जमिनीला लागतोय, त्या फ्रेमवर थांबवा. बाण, वर्तुळं, लाल रंग यांची गरज नाही. बाण काढला की डोळे बाणावर जातात आणि मान वळलेली दिसत नाही.

टीमच्या बैठकीची फिल्म १० ते १२ मिनिटं, त्याहून जास्त नको. प्रत्येक मुख्य खेळाडूच्या पाच-सहा क्लिप वेगळ्या करून फोनवर पाठवायच्या. स्वतःहून, कोचशिवाय पाहिलेलं २० तासांत धरत नाहीत. मॅच निवडताना शेवटच्या पाचच घ्यायच्या असं नाही. त्यांचा मुख्य सेंटर जखमी होता त्या मॅच बाजूला काढा, आणि आपल्यासारखा डिफेन्स खेळणाऱ्या टीमविरुद्धची जानेवारीतली एखादी आत घ्या.

मार्चमध्ये हे सगळं घाईवर येतं. एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या ६८ टीमची यादी रविवारी संध्याकाळी जाहीर होते, पहिली फेरी गुरुवार-शुक्रवारी, दुसरी शनिवार-रविवारी. गुरुवारी रात्री जिंकलात तर शनिवारी पुन्हा उभं राहायचं. म्हणून रविवारी रात्रीच स्टाफची वाटणी होते: एकजण पहिल्या प्रतिस्पर्ध्यावर आणि दोघे दुसऱ्या फेरीच्या दोन संभाव्य टीमवर एकेक. त्यातलं एक काम पूर्ण वाया जाणार हे माहीत असतं, तरी ते तितक्याच निगुतीने करावं लागतं. बैठक हॉटेलच्या हॉलमध्ये. सामान स्वतःचं न्या: प्रोजेक्टर, लांब एचडीएमआय केबल, दोन प्रकारचे अॅडॉप्टर, एक्स्टेंशन बोर्ड, केबल जमिनीला चिकटवायला टेप, आणि तीच फिल्म दुसऱ्या लॅपटॉपवर. क्लाउडवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हॉटेलच्या वायफायवर शेकडो पाहुणे असतात.

न खेळलेल्याला हे काम मिळतं का? मिळतं. एनसीएएच्या पहिल्या विभागात (डिव्हिजन वन) साडेतीनशेहून जास्त टीम आहेत, आणि आत जायचा दरवाजा बहुतेक वेळा स्टुडंट मॅनेजरचा, म्हणजे टीमच्या कामात मदत करणाऱ्या विद्यार्थ्याचा. पुढे वाटही आहे. एरिक स्पोलस्ट्रा १९९५ मध्ये एनबीएतल्या मायामी हीटच्या व्हिडिओ रूममध्ये लागले आणि २००८ मध्ये त्याच टीमचे मुख्य कोच झाले. ते कॉलेजात खेळलेले होते हे खरं, पण त्यांना वर नेलं ते फिल्मच्या अभ्यासाने. जुलै २०२३ पासून कॉलेज टीमला कोर्टवर शिकवू शकणारे दोन जादा कोच ठेवता येतात; नियम आला तेव्हा त्यांना बाहेर जाऊन खेळाडूंची भरती करायची मुभा नव्हती. व्हिडिओतल्या माणसांना त्या जागा मिळण्याची संधी आहे.

तयारी पुण्या-नागपुरात बसूनही होते. आंतरमहाविद्यालयीन मॅच गॅलरीतून शूट करा. तिथे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम, दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि २४ सेकंदांचं क्लॉक, पण टॅगिंग तेच. स्पोर्ट्सकोड लागत नाही: व्हीएलसी आणि एक एक्सेल शीट, रकाने वेळ, सुरुवात, सेट, डिफेन्स, शेवट. अशा पाच मॅच झाल्या की एका टीमचा आठ मिनिटांचा स्काउट (ती टीम कशी खेळते हे दाखवणारी फिल्म) कापा आणि सोबत एक पान लिहा. कॉलेज ठरलं की तिथल्या टीमच्या डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सना (टीमची व्यवस्था पाहणाऱ्यांना) तेवढंच पाठवा, तेही एप्रिल-मे महिन्यात, कारण सप्टेंबरच्या शेवटी सराव सुरू होतो तोवर मॅनेजर ठरलेले असतात. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. टीमचं काम सहज त्यापुढे जातं, म्हणून तास कसे मोजणार हे पहिल्याच भेटीत कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या.