थंड पाण्यात उतरण्याआधीचे महिने

हिवाळ्यात उघड्या तळ्यात पोहायचं ठरवलं, तेव्हा बरीच वर्षं थंड पाण्यात पोहणाऱ्या एका ताईंनी मला सांगितलं, "पहिली तीन मिनिटं सांभाळ आणि वेळेत बाहेर ये. मधलं पोहणं तुला येतंच." माझी सगळी तयारी या दोन टोकांभोवतीच झाली.

सुरुवात डॉक्टरांकडून केली. रक्तदाब आणि ईसीजी तपासून घेतला, दम्याबद्दलही बोलणं झालं. थंड पाणी अंगाला लागताच त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय जोरात धावू लागतं. त्याच क्षणी चेहराही बुडाला, तर शरीर हृदयाला मंद होण्याची उलटी आज्ञा देतं. या ओढाताणीत ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून थंड पाण्यात सूर मारायचा नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही.

पाणी कोमट होतं तेव्हापासूनच तळ्यावर जायला लागले आणि मग खंड पडू दिला नाही. आठवड्याला पाणी थोडं थोडं गार होत गेलं आणि अंग त्याच्या मागोमाग गेलं. ऐन थंडीत एकदम सुरुवात करण्यापेक्षा हा रस्ता मला कितीतरी शहाणपणाचा वाटतो. थर्मामीटर दोरीला बांधून पाण्याचं तापमान रोज मोजायचे, कारण हवेवरून पाण्याचा अंदाज येत नाही.

पारा १५ अंशांच्या खाली गेला आणि खरी परीक्षा सुरू झाली. पाणी छातीपर्यंत आलं की तोंडातून आपोआप मोठा श्वास ओढला जातो आणि पाठोपाठ धाप लागते. एरवी मिनिटभर श्वास रोखणाऱ्यालाही इथे काही सेकंदच जमतं. हा श्वास पाण्याखाली ओढला गेला तर उत्तम पोहणाराही बुडू शकतो. मी आधी मानेवर, चेहऱ्यावर पाणी मारते, चालत उतरते आणि पाय टेकतील तिथेच उभी राहून लांब उच्छ्वास सोडत राहते. आत घ्यायच्या श्वासाचा विचारच करत नाही, तो येतोच. दोन-तीन मिनिटांत धाप ओसरते. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं की मगच पहिला हात मारायचा.

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ माइक टिप्टन यांच्या संशोधनाने मला मोठा धीर दिला. थंड पाण्यात पाच-सहा वेळा काही मिनिटं उतरलं तरी हा सुरुवातीचा धक्का जवळपास निम्म्यावर येतो आणि ती सवय महिनोन् महिने टिकते. मलाही तसंच जाणवलं. पण इथेच सावध राहावं लागतं. धक्का कमी झाला तरी शरीर गार व्हायचं थांबत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. मन मजेत असतं, "अजून एक फेरी" म्हणत असतं आणि तिकडे बोटं फाकायला लागलेली असतात. बोटं जुळेनाशी झाली की मी काठाकडे वळते. खरं तर त्याआधीच, घड्याळ बघून. वेळ पाण्याबाहेर ठरवायची आणि पाण्यात बदलायची नाही. काठावर कोणीतरी हवंच, कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा हवा. निओप्रीनचे, म्हणजे ऊब धरणाऱ्या रबरासारख्या कापडाचे, हातमोजे-पायमोजे आणि कानात बोळे घालते. गार पाणी कानात गेलं की चक्कर येऊ शकते.

बाहेर आल्यावरची दहा मिनिटं मला पोहण्याइतकीच महत्त्वाची वाटतात. बाहेर पडल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही काळ उतरतच राहतं, त्यामुळे हुडहुडी जरा उशिराच भरते. तोपर्यंत अंग कोरडं करून कपडे चढवलेले हवेत. कपडे मी घालायच्या क्रमाने रचून ठेवते, सगळ्यात वर टोपी आणि सैल गरम बंडी. बटणं, नाड्या, घट्ट चेन यातलं काहीच नाही, कारण बधिर बोटांना ते उघडत नाही. लगेच कढत पाण्याने अंघोळही नाही. आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैलावल्या तर रक्तदाब घसरून भोवळ येते. गरम पेय घोट घोट घ्यायचं, थोडं चालायचं आणि कापरं पूर्ण थांबेपर्यंत गाडी चालवायची नाही. दारू तर आधीही नको, नंतरही नको.

५ अंश आणि त्याखालच्या पाण्यातलं पोहणं हा वेगळाच प्रकार मानतात, त्याच्या स्पर्धाही होतात. तिकडे जायची इच्छा आहे. यंदा मात्र ८ अंश ही माझी सीमा आहे. पारा त्याखाली गेला की त्या दिवशी फक्त कमरेपर्यंत उतरून श्वासाचा सराव करते आणि परत येते.