पाचचा आकडा

२०२० च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या आमच्या घरी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी सिनेटच्या निवडणुकीच्या फोन-प्रचाराला बसले. कोविडमुळे दारोदार फिरणं बंद होतं. मी नुकतीच नागरिक झालेली, आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत द्यायचं होतं. आमच्या उमेदवार डेमोक्रॅट एमी मॅकग्राथ, मरीन कोअर या सैन्यदलाच्या निवृत्त लढाऊ वैमानिक. याआधी हाउसची, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, एक निवडणूक लढल्या, हरल्या. पद कुठलंच नाही. समोर रिपब्लिकन मिच मॅकॉनेल, १९८५ पासून सिनेटर.

नंबर कॉम्प्युटरच फिरवायचा. कानात टुंग वाजलं की पडद्यावर नाव यायचं आणि लगेच बोलायला लागायचं. शेवटी १ ते ५ मधला आकडा दाबायचा: १ म्हणजे पक्कं आपलं मत, ५ म्हणजे पक्कं त्यांचं. बहुतेक वेळा व्हॉइसमेलच. माझं नाव ऐकून लोक अडखळायचे, म्हणून चौथ्या दिवसापासून मी आडनाव गाळलं.

पूर्व केंटकीतल्या एका आजी मात्र निवांत बोलल्या. "हनी, तो माणूस मला मुळीच आवडत नाही. पण आमची कामं वॉशिंग्टनात दुसरं कोण करून घेणार?" मी प्रचाराच्या मजकुरातलं औषधांच्या किमतींचं वाचायला घेतलं. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "कॅव्हनॉच्या वेळी तुमची बाई एकाच दिवसात आधी हो आणि मग नाही म्हणाली ना?" २०१९ मधली गोष्ट, आणि खरी: सर्वोच्च न्यायालयावर कॅव्हनॉंच्या नेमणुकीला मत दिलं असतं का, याचं उत्तर मॅकग्राथनी एकाच दिवसात बदललं होतं. मला उत्तर सुचेना. त्यांनीच मग माझ्या मुलांची चौकशी केली. ५ दाबताना जिवावर आलं.

सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग वारल्या; त्यांच्या जागेची नेमणूक मॅकॉनेलच्या सिनेटमधून जाणार, म्हणून देशभरातून देणग्यांचा पूर आला. मॅकग्राथनी ९ कोटी डॉलरहून जास्त जमवले, मॅकॉनेलपेक्षाही जास्त. टीव्ही लावला की त्यांचीच जाहिरात. फोनवर मात्र तेच: आवडत नाही, पण मत त्यालाच.

३ नोव्हेंबरला संध्याकाळी सहापर्यंत फोन केले. पश्चिम केंटकीचं घड्याळ तासभर मागे, तिथे अजून मतदान चालू होतं. निकालही त्याच रात्री कळला: ५७.८ विरुद्ध ३८.२ टक्के. आमची जेफरसन काउंटी (म्हणजे जिल्हा) मात्र मॅकग्राथकडे आली. गंमत म्हणजे मॅकॉनेल पूर्वी याच काउंटीचे प्रमुख होते, आणि १९८४ मध्ये विद्यमान सिनेटरला जेमतेम पाच हजार मतांनी पाडून ते सिनेटमध्ये गेले. तेव्हा नवखे तेच होते.

झोपण्याआधी आजींची काउंटी शोधली. मॅकॉनेल तिपटीहून पुढे. आकडा मी बरोबरच दाबला होता.