शिळेचा सा

शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक झालेले मित्र लिहितीलच. मी शीळ वाजवून संसार चालवतो. ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या रिसेप्शनला, कधी रेकॉर्डिंगला. हे घडलं ते आपल्या संगीताच्या सरांमुळे.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीकडचं. पावसाळ्यात ओढ्याकाठी पहाटे शीळकरी कस्तूर पक्षी गाऊ लागला की मी त्याची नक्कल करायचो. आजी ओरडायची, "तिन्हीसांजेला शिट्टी मारू नको रे, साप येतंय!" वर्गातही बोलणी खाल्ली. सरांनी मात्र पेटीवर काळी एक दाबली आणि म्हणाले, "आता सा लाव बघू." लागला, पण टिकेना. मग त्यांनी भूप राग धरायला लावला. "कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. हा सुरांचा मुलूख आहे बाळा, इथं बेसूर चालत न्हाई," म्हणायचे.

शिळेला ना पडदे, ना भोकं. जीभ पुढे सरकली की तोंडातली पोकळी लहान होते आणि सूर चढतो; मागे गेली की उतरतो. केसभर चुकलं तरी कानाला बोचतं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आपसूक येते, पण खटका-मुरकीसारख्या झटपट हरकती जिभेचा घाम काढतात. श्वास सोडताना वाजते तशी आत ओढतानाही वाजली पाहिजे, तरच तान तुटत नाही. हे सरांनी हट्टाने करून घेतलं. माइक जरा बाजूला धरायचा, नाहीतर फुंकरच ऐकू येते. थंडीत ओठ फुटले की कार्यक्रमाची सुपारी गेलीच, म्हणून खिशात तुपाची डबी असते.

पुढे फ्रेड लाउरीबद्दल (१९०९–१९८४) वाचलं. दृष्टी नसलेला हा मुलगा टेक्सासच्या अंधशाळेत शिकला आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या बँडमध्ये शीळवादक म्हणून गाजला. लॉस एंजेलिसला अ‍ॅग्नेस वुडवर्ड यांनी तर शिळेची शाळाच काढली होती. पक्ष्यांच्या आवाजांवरून ताना बसवून त्या शिकवत, आणि शिकणाऱ्यांत मुली पुष्कळ. आमच्याकडे मुलीनं शीळ घातली की आजही घरातले डोळे वटारतात. मला ते फार लागतं. माझ्यापेक्षा गोड शीळ माझ्या बहिणीची होती.

सर आता नाहीत. मुख्याध्यापक बाईंना माझी विनंती आहे: शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक वर्ग मोकळा द्यावा. मुलामुलींना मी फुकट शिकवीन. पेटीही मीच घेऊन येईन.