शेजाऱ्याला थोपवणारे जनुक

झेनोपस हा आफ्रिकी बेडूक भ्रूणविज्ञानाच्या प्रयोगशाळांत अनेक दशके ठाण मांडून बसला आहे, आणि त्याचे मुख्य कारण मला त्याच्या पहिल्या पेशीविभाजनात दिसते. या विभाजनातून होणाऱ्या दोन पेशींपैकी एकीपासून बहुधा शरीराची डावी बाजू घडते आणि दुसरीपासून उजवी. त्यामुळे एकाच पेशीत काचेच्या बारीक सुईने एखाद्या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा त्याचा निरोप, सोडला, की दुसरी बाजू तुलनेसाठी आयतीच मिळते.

१९९६ साली मा, किंटनर आणि अँडरसन या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत ‘न्यूरोजेनिन’ या जनुकाबाबत हेच केले. एरवी कोवळ्या भ्रूणाच्या पाठीवर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, पहिल्या चेतापेशींचे तीन-तीन विरळ पट्टे उमटतात: आतला स्नायूंना हलवणाऱ्या पेशींचा, कडेचा स्पर्श जाणणाऱ्या पेशींचा आणि मधला त्यांच्यात दुवा साधणाऱ्यांचा. आरएनए टोचलेल्या बाजूला मात्र हे पट्टे एकमेकांत मिसळून गेले आणि पुढे साधी त्वचा होणार होती त्या भागातही चेतापेशींचे गडद ठिपके दिसू लागले.

एवढ्यावरून न्यूरोजेनिनला ‘चेतापेशींचे कळीचे जनुक’ म्हणून मोकळे होणे मला घाईचे वाटते. मुळात पट्ट्यातल्या साऱ्याच पेशी चेतापेशी का होत नाहीत? न्यूरोजेनिन आपल्या पेशीत ‘न्यूरो-डी’ हे पुढचे जनुक जागे करते, पण त्याचबरोबर ‘डेल्टा’ हे प्रथिनही बनवायला लावते. पेशीच्या पृष्ठभागावरचे डेल्टा शेजारणीच्या ‘नॉच’ या ग्राहीला (बाहेरचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) भिडते आणि शेजारणीचे न्यूरोजेनिन दबते. ज्या पेशीत ते किंचित जास्त असते ती पुढे सरकते, भोवतालच्या मागे राहतात. त्याआधी, १९९५ मध्ये, चिटणीस, किंटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की डेल्टा वाढवले तर चेतापेशी घटतात आणि त्याचे काम अडवले तर त्याच पट्ट्यांत त्यांची दाटी होते.

न्यूरो-डी मात्र नॉचच्या दटावणीला फारसे जुमानत नाही. ते पुरेसे जागे झाले की पेशीचा निर्णय सहसा फिरत नाही. मागे राहिलेल्या पेशीही वाया जात नाहीत. त्या विभाजित होत राहतात आणि बेडूकमाशाला पाय फुटू लागतात तेव्हा लागणाऱ्या पुष्कळशा चेतापेशी त्यांच्यापासूनच तयार होतात.