खडी-मुरमाच्या उतारासाठी हिमालयनचं एबीएस बंद करताना

माझी मोटरसायकल रॉयल एनफिल्डची हिमालयन, ४११ सीसीची, बीएस-४ या प्रदूषणाच्या जुन्या निकषांच्या काळातली. दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे, पण ते बंद करायचं बटण नाही. मागच्या चाकाचं एबीएस हवं तेव्हा बंद करायची सोय कंपनीने २०२० च्या बीएस-६ मॉडेलपासून दिली. डांबरी रस्त्यावर मला त्या बटणाची उणीव कधी भासली नाही. ताम्हिणीत भर पावसात वळणावर म्हैस आडवी आली होती, तेव्हा मी दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले आणि तरी गाडी सरळ उभी राहिली, ती या एबीएसमुळेच. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते एबीएसच्या विरोधात नाही, एवढं आधी सांगून ठेवते.

अडचण यायची ती सुट्या उतारांवर. मुळशीच्या बाजूला खाणीकडे जाणारा एक जुना, वापरात नसलेला रस्ता आहे, तिथे आम्ही सरावाला जातो. वर मुरूम, त्यात बोटभर खडी मिसळलेली, आणि उतार चांगला तीव्र. पहिल्या गिअरमध्ये सावकाश उतरताना मागचा ब्रेक दाबला की पायाखाली टकटक सुरू व्हायची. गाडी क्षणभर धरायची, सोडायची, पुन्हा धरायची, पुन्हा सोडायची. पाय आणखी दाबून काही फरक पडत नव्हता. वेग कमी होण्याऐवजी हळूहळू वाढतोय असं वाटायचं, आणि समोर वळण आलेलं असायचं.

याचं कारण समजून घेतल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. चाकाजवळ खाचा असलेली एक रिंग असते आणि शेजारी सेन्सर. चाक किती वेगाने फिरतंय हे तो सतत एबीएसच्या कंट्रोलरला कळवतो. चाक एकदम थांबायला लागलं की कंट्रोलर त्या चाकाच्या ब्रेकचं दडपण सोडतो, चाक फिरायला लागलं की पुन्हा देतो. डांबरावर हे वरदान आहे, कारण तिथे किंचित घसरत फिरणाऱ्या चाकाला सगळ्यात जास्त पकड मिळते, आणि पूर्ण लॉक झालेलं चाक पकडही गमावतं आणि दिशाही. मुरमावर मात्र चाक जरा दाबलं तरी लॉक होतं, म्हणून कंट्रोलर सारखं दडपण सोडत राहतो. आणि इथेच खरी मेख आहे. खोल, सुट्या थरात लॉक झालेलं चाक रुततं आणि आपल्या पुढे मातीचा ढीग ढकलत नेतं. गाडीला अडवतो तो हा ढीग. एबीएस तो तयारच होऊ देत नाही.

हे मी नंतर उकिडवं बसून डोळ्यांनी पाहिलं. एबीएस चालू असताना मागच्या चाकाची खूण तुटक होती, दाबलेला पट्टा, मग मोकळी जागा, मग पुन्हा पट्टा. बंद असताना सलग चर पडला होता, दोन्ही कडांना मुरूम उसवलेला, आणि चर जिथे संपला तिथे चाकापुढे मूठभर खडीची उंचवट्यासारखी रास. त्याच रस्त्यावर खालच्या टोकाला घट्ट जमिनीवर नुसती बारीक खडी पसरलेली आहे. तिथे मात्र लॉक झालेलं चाक सरळ घसरत गेलं. ढीग व्हायला थरच नव्हता. म्हणून ‘कच्चा रस्ता आला की एबीएस बंद’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. खाली किती थर आहे ते बघावं लागतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं, तर ‘मॅडम, आम्ही असं काही करून देत नाही’ हे उत्तर मिळालं, आणि ते त्यांच्या जागी योग्यच होतं. मग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. तो म्हणाला, ‘ताई, हँडलवर स्विच बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम.’ बरेच जण हेच करतात. मी नको म्हटलं. एक तर कंपनीच्या वायरिंगमध्ये जोड आला की पावसात तिथेच पाणी शिरतं. दुसरं, १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना आपल्याकडे एबीएस बंधनकारक आहे, नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून. अशा यंत्रणेवर कायमचा स्विच लावला की वॉरंटी आणि विमा, दोन्हीकडे प्रश्न येऊ शकतात. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे माझी गाडी धाकटा भाऊही चालवतो. चुकून बंद राहिलेल्या स्विचवर तो पावसात कात्रजच्या उताराला लागलेला मला चालणार नव्हता.

फक्त मागच्या चाकाचं सेन्सर काढून ठेवायचं, असाही एक उपाय सांगितला जातो. पण एका सेन्सरचा निरोप आला नाही की कंट्रोलर बिघाड समजतो आणि साधारणपणे पूर्ण एबीएस बंद करतो. म्हणजे पुढचंही जातंच, वर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये धूळ. मग उरला एबीएसचा फ्यूज काढून यंत्रणेची वीजच तोडण्याचा उपाय.

फ्यूज काढण्यात कौशल्य काही नाही, पण क्रम पाळावा लागतो. आधी चावी बंद. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतून एबीएसचे फ्यूज कुठले आणि किती अँपिअरचे ते बघून घेतलं, काढण्याआधी फोटो काढला, मग प्लॅस्टिकच्या चिमट्याने सरळ वर ओढले. बोटांनी किंवा पक्कडीने वेडावाकडा ओढला तर पाय वाकतो. काढलेले फ्यूज झिपच्या छोट्या पिशवीत, सोबत त्याच अँपिअरचे नवे जादा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नये, वायर जळेपर्यंत तो उडत नाही. चावी चालू केली की एबीएसचा पिवळा दिवा पेटतो आणि गाडी चालायला लागल्यावरही विझत नाही. तो पेटलेला राहिला म्हणजे यंत्रणा खरंच बंद आहे. साधे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात, त्यांचा फ्यूजशी संबंध नाही. तरी सपाटीवर दोन्ही ब्रेक एकेकदा दाबून बघते, मगच उताराला लागते. शिवाय मीटरच्या काचेवर लाल टेपची एक पट्टी चिकटवते. दिवा उन्हात दिसत नाही, पट्टी दिसते.

फ्यूजमुळे पुढच्या चाकाचंही एबीएस जातं, ही या पद्धतीची खरी किंमत. मागचं चाक लॉक झालं तर गाडी शेपूट हलवते, पाय उचलला की सरळ होते. पुढचं लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही, गाडी आडवी होते. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघण्याआधी सरावाचा सगळा भर पुढच्या ब्रेकवर ठेवला. सपाट मुरमावर, पंधरा-वीसच्या वेगात, फूटपेगवर उभं राहून, दोनच बोटांनी लिव्हर हळूहळू ओढायचा. फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप, बसतो, टायर जमिनीत दबतो, मग थोडा आणखी जोर. टायरचा आवाज बदलून खरखर आली की बोटं सैल. झटक्याने दाबलेला ब्रेक आणि मुरत दाबलेला ब्रेक यातला फरक बोटांना कळेपर्यंत उतारावर जायचं नाही, हा आमच्या ग्रुपचा नियम आहे आणि मी तो मोडू देत नाही. मग मागचा ब्रेक मुद्दाम लॉक करून, नजर लांब ठेवून, गाडीला खाली वळवळू द्यायला शिकले.

हे सगळं ज्यासाठी केलं तो हिमाचलमधल्या कुंझुम खिंडीचा उतार. आम्ही किन्नौरमार्गे स्पितीत गेलो, म्हणजे उंची हळूहळू वाढते. काझापासून लोसरपर्यंत एबीएस चालूच ठेवलं. फ्यूज लोसरलाच काढले, कारण साडेचार हजार मीटरच्या वर, खिंडीतल्या वाऱ्यात, सुन्न बोटांनी एवढीशी वस्तू हाताळणं म्हणजे ती दगडांत हरवायला आमंत्रण.

कुंझुमहून बातलकडे उतरताना वळणावर वळणं आहेत आणि ट्रकांच्या चाकांनी आतल्या बाजूची माती उसवून ठेवलेली असते. एका वळणावर समोरून ट्रक चढत होता, मला दरीकडच्या बाजूला, सुट्या खडीत थांबावं लागलं. पहिला गिअर, क्लच सोडलेला, मागचा ब्रेक जवळजवळ लॉक, पुढच्यावर दोन बोटं नुसती टेकवलेली. मागचं चाक खडीत रुतलं, वीतभर घसरलं आणि धरलं. टकटक नाही, सोडणं नाही. ट्रक जाईपर्यंत गाडी तिथेच होती. सामानासकट दोनशे किलोंच्या वरची गाडी तशी धरून राहिली, तेव्हा मुळशीतल्या त्या रविवारांचं सार्थक झालं.

बातल ते ग्राम्फू या पट्ट्यात ब्रेकपेक्षा नाल्यांचीच परीक्षा जास्त. पाण्यात ब्रेक लावायचा नाही, बाहेर आल्यावर थोडं अंतर दोन्ही हलके दाबून डिस्क कोरड्या करायच्या.

ग्राम्फूनंतर सलग डांबर लागताच थांबले, फ्यूज परत बसवले, टेप काढली. चावी चालू केल्यावर दिवा पेटला आणि गाडी थोडी पुढे जाताच विझला. विझला नसता तर मनालीपर्यंत ताशी चाळीसच्या वर गेले नसते.

आता नवी गाडी घेणाऱ्यांना या खटाटोपाची गरज नाही. बीएस-६ हिमालयनमध्ये मागचं एबीएस बंद होतं आणि पुढचं चालू राहतं, केटीएम ३९० अॅडव्हेंचरच्या ऑफरोड मोडमध्येही तसंच. हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही ला २०२३ पासून एबीएसचे रोड, ऑफरोड आणि रॅली असे तीन मोड आले. मला विचाराल तर पुढचं चालू ठेवून मागचं बंद करता येणं हीच सगळ्यात शहाणी सोय आहे, आणि जुन्या गाडीवर फ्यूज काढणं हा तिचा अर्धाच पर्याय. ज्यांची पुढच्या ब्रेकवरची बोटं अजून तयार नाहीत त्यांनी जुन्या गाडीवर एबीएस चालूच ठेवावं, उतारावर वेग आधीच कमी करावा आणि इंजिनच्या ब्रेकिंगवर, म्हणजे खालच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून, उतरावं. हळू जाईल, पण उभी जाईल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अशा उतारांवर मागच्या ब्रेकवर ताण येतो आणि नाल्यांतली वाळू पॅड खाते. माझे मागचे पॅड मनालीत पोचेपर्यंत संपत आले होते. निघतानाच एक जादा जोडी सामानात टाकली होती, तीच तिथे बसवून घेतली.