एक नॅनोमीटरच्या पलीकडचं पाणी

पुतण्यानं एमएस्सीच्या प्रोजेक्टला सेल्युलोज घेतलं. "वावरात पऱ्हाटी, घरात कापूस, आता कॉम्प्युटरातही कापूसच घालून राह्यला का रे बापू?" आमची माय त्याला म्हणाली. खरं आहे. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याच्या चार-सहा साखळ्या, भोवती पाण्यानं भरलेला डबा, आणि ग्रोमॅक्स, म्हणजे रेणूंची हालचाल कॉम्प्युटरात चालवून बघायचं सॉफ्टवेअर, चालू. लाईन गेली तरी हरकत नाही. दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहिला जातो, लाईन आली की तिथून पुढे.

परवा त्याचा फोन. "काका, लेनर्ड-जोन्स एक नॅनोमीटरवर कापतो, मग कुलोम बी तिथंच कापू ना. लॅपटॉप लय तापते." लेनर्ड-जोन्स म्हणजे विद्युतभार नसला तरी अणूंमध्ये असणारी ओढ-ढकल, कुलोम म्हणजे विद्युतभारांमधली. कापणं म्हणजे त्या अंतरापलीकडचं मोजायचंच नाही.

म्हटलं, वही काढ. पाण्याचं टिप३पी मॉडेल घे. ऑक्सिजनवर −०.८३४ विद्युतभार, प्रत्येक हायड्रोजनवर +०.४१७. दोन ऑक्सिजन एक नॅनोमीटर अंतरावर ठेव. लेनर्ड-जोन्सची ऊर्जा येते मोलमागे सुमारे ०.०००६ किलोकॅलरी. कुलोमची? २३! खोलीच्या तापमानाला उष्णतेची धडपडच मुळी ०.६ ची.

पोरगं हुशार. लगेच म्हणे, "पण हायड्रोजन ते २३ खोडून काढतात ना? रेणू तर न्यूट्रल आहे."

बरोबर, बरंचसं खोडतात. पण पूर्ण नाही, आणि गोम तिथंच आहे. खोडून उरतं ते द्विध्रुवांचं, म्हणजे एका टोकाला उणे आणि दुसऱ्या टोकाला अधिक भार असलेल्या रेणूंचं, आकर्षण-अपकर्षण. ते अंतराच्या घनानं कमी होतं. दुसरीकडे, जितकं लांब जावं तितके रेणू वाढतात, अंतराच्या वर्गानं. बेरीज करत गेलं तर ती आटोपतच नाही. उत्तर कुठल्या क्रमानं बेरीज केली त्यावर बदलतं. लेनर्ड-जोन्सची शेपटी सहाव्या घातानं पडते, म्हणून तिथं कात्री चालते. हा फरक बीएस्सीच्या वर्गात कुणी सांगत नाही, कारण तिथं दोनच अणूंची गणितं असतात.

तोड १९२१ मध्ये एवाल्ड या भौतिकशास्त्रज्ञानं काढली, तीही आयनिक स्फटिकांसाठी. प्रत्येक भाराभोवती उलट्या भाराचा धूसर ढग गुंडाळायचा. मग जवळचा हिस्सा झटपट मरतो, तो थेट मोजायचा. ढगांची भरपाई करणारा हिस्सा गुळगुळीत असतो, तो फूरियेच्या वाटेनं, म्हणजे लाटांची बेरीज म्हणून मोजायचा. १९९३ मध्ये डार्डन, यॉर्क आणि पेडरसन यांनी हा दुसरा हिस्सा जाळीवर बसवला. तेच पीएमई, म्हणजे पार्टिकल मेश एवाल्ड. अणू दुप्पट झाले तर काम दुपटीपेक्षा थोडंसंच वाढतं, चौपट नाही. म्हणजे लॅपटॉपच्या तापाचा इलाजही त्यातच आहे.

मला स्वतःला खटकतं ते वेगळंच. हे भार गोठलेले असतात, शेजारी कोणीही असो, बदलत नाहीत. पाण्याच्या एकट्या रेणूचा द्विध्रुव १.८५ डिबाय (हे द्विध्रुवाचं माप), टिप३पीत तो मुद्दाम फुगवून २.३५ केलाय, द्रवात शेजारी ओढतात म्हणून. सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये अडकलेल्या पाण्यालाही तोच आकडा. चालवून घ्यायचं.

शेवटी त्याला एवढंच सांगितलं: कुलोमला पीएमई ठेव, लेनर्ड-जोन्स एक नॅनोमीटरवर खुशाल काप, पण कापलेल्या शेपटीची ऊर्जेतली आणि दाबातली भरपाई करणारी दुरुस्ती चालू ठेव. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून चालवत जाऊ नको बे.